भटक्या टोळ्यांच्या गालिच्यांवरचे प्राणी आणि शुभचिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराण, तुर्कस्तान, तुर्कमेनिस्तान आणि अफगाणिस्तान इथल्या मेंढपाळ टोळ्यांनी विणलेले गालिचे, किलीम (बिनलवेच्या, सपाट विणीच्या सतरंज्या) आणि पिशव्या यांच्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काशान-इस्फहानसारख्या इराणी शहरांच्या कारखान्यांत समोर नक्शा ठेवून विणलेल्या दरबारी गालिच्यांचा विषय वेगळा आहे, तो इथे नाही.

टोळ्यांचा गालिचा ओळखायचा कसा? तो शहरी गालिच्याहून वेगळा का दिसतो?

वेगळेपण मागापासूनच सुरू होतं. दक्षिण इराणच्या फार्स प्रांतातले कश्काई घ्या. हे तुर्की बोलणारे मेंढपाळ उन्हाळ्यात झाग्रोसच्या उंच कुरणांवर आणि हिवाळ्यात पर्शियन आखाताकडच्या सखल भागात कळप घेऊन जायचे. त्यांचा माग आडवा, जमिनीत चार खुंट्या ठोकून ताणलेला. मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धवट विणलेला गालिचा काठीवर गुंडाळायचा, जनावरावर लादायचा आणि पुढच्या तळावर पुन्हा ताणायचा. ताण दर वेळी सारखा बसत नाही. म्हणून गालिचा एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद होतो आणि काठ वाकडे येतात. विणणारी बाई कागदावरून नाही, आठवणीतून विणते. आईच्या, आजीच्या हाताखाली बसून जे डोक्यात बसलं ते, आणि मध्येच सुचलं ते. कोपऱ्यात एकटीच बकरी किंवा काठाजवळ तिरपा कोंबडा दिसतो, तो असा सुचलेला.

फार्समधलं गालिचे विणण्याचं हे पारंपरिक कौशल्य २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. काशानचंही त्याच वर्षी गेलं.

सिंह इतका का दिसतो? त्या भागात सिंह होते का?

होते. आज फक्त गीरमध्ये उरलेला आशियाई सिंह एकेकाळी फार्स आणि खुझेस्तानातही फिरायचा. इराणमधल्या त्याच्या शेवटच्या नोंदी १९४० च्या दशकातल्या आहेत. म्हणजे जुने सिंह-गालिचे विणणाऱ्या बायकांच्या आजोबा-पणजोबांनी सिंह पाहिला असेल, निदान त्याच्या गोष्टी तरी नक्की ऐकल्या असतील.

सिंहाचं वजन तिथे अनेक अंगांनी आहे. शिराझजवळच्या पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या जिन्यांवर बैलावर झेपावलेला सिंह कोरलेला आहे. शिया परंपरेत हजरत अली यांना ‘असदुल्लाह’, म्हणजे देवाचा सिंह म्हणतात. १९७९ च्या क्रांतीपर्यंत देशाच्या झेंड्यावर सिंह आणि सूर्य होते. शेजारच्या बख्तियारी टोळीत शूर माणसाच्या कबरीवर दगडी सिंह ठेवायची रीत होती, आणि ते सिंह आजही त्या डोंगरांत उभे आहेत.

गालिच्यांत सिंह सगळ्यात जास्त भेटतो तो गब्बेवर. गब्बे म्हणजे जाड, लांब लवेचा, घरच्या वापराचा गालिचा. इराणी शिल्पकार परवीझ तनावोली यांनी हे सिंह-गालिचे गोळा केले, त्यांच्यावर लिहिलं, आणि मग जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्याआधी बाजार गब्बेला फारशी किंमत देत नव्हता.

असा सिंह नीट बघा. धड बाजूने काढलेलं, पण तोंड सरळ तुमच्याकडे. डोळे दोन, नाक म्हणजे एक उभी पट्टी, आणि पुष्कळदा चेहरा माणसाचाच वाटतो. शेपूट पाठीवरून वळून थेट डोक्यापर्यंत आलेली. आयाळीच्या जागी तीन-चार रंगांचे पट्टे, आणि पोटात रिकामी जागा राहिली म्हणून तिथे एक फूल. दरारा बसावा असं यात काही नाही. तो बराचसा घरातल्या म्हाताऱ्या काकांसारखा दिसतो. तरी तंबूत तो राखणदार म्हणूनच असायचा. मला गालिच्यावरचे सगळे प्राणी आवडतात, पण हात पहिला जातो तो या सिंहाकडे.

लांडगा, विंचू, साप: ज्यांची भीती वाटते तेच का विणायचे?

ज्याच्यापासून धोका, त्याचंच चित्र दारात ठेवलं की तो बाहेर राहतो, अशी ही समजूत आहे. नागपंचमीला भिंतीवर नाग काढणाऱ्यांना ती फोड करून सांगायला नको.

अनातोलियाच्या, म्हणजे आशियाई तुर्कस्तानच्या किलीमांवर ‘कुर्त आझी’ हे लांडग्याचं तोंड आणि ‘कुर्त इझी’ हा लांडग्याचा माग ही दोन चिन्हं सर्रास सापडतात. मेंढ्यांवर पोट असलेल्या घराला लांडगा म्हणजे थेट नुकसान. विंचू, तिकडचा ‘अक्रेप’, हाही तसाच. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला विंचवाची भीती पुस्तकी नसते. विणताना तो चौकोनी होतो: मधे समभुज आकृती, दोन्ही बाजूंना आकडे, वर वळलेली नांगी. सवय नसलेल्याला ते फूल वाटतं. बाजारातही अशा आकृतीला एक जण विंचू म्हणतो, दुसरा कोळी, तिसरा खेकडा. तिघेही सारख्याच खात्रीने सांगतात.

मेंढ्याची शिंगं म्हणजे काय?

आत वळलेल्या दोन आकड्यांची जोडी. अनातोलियात तिला ‘कोच बोयनुझू’ म्हणतात, तुर्कमेन भागात ‘गोचाक’. पौरुष, बळ आणि कळपाची भरभराट असा अर्थ सांगतात. इथे मात्र चिन्ह कापडापुरतं थांबत नाही, म्हणून या अर्थावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तुर्कमेनिस्तानातल्या कोपेतदाग डोंगरात नोखुर नावाचं गाव आहे. तिथल्या कबरस्तानात लाकडी खांबांवर डोंगरी बोकडांची खरी शिंगं लावलेली असतात, वाईट शक्तींना लांब ठेवण्यासाठी. ज्या समाजात शिंगं कबरीवर चढतात, त्या समाजातल्या गालिच्याच्या काठावरची शिंगं नुसती नक्षी म्हणून सोडून देता येत नाहीत.

आणि पक्षी?

पक्ष्यांचा पसारा मोठा आहे. फार्समधल्या खमसे या पाच टोळ्यांच्या संघाचे गालिचे कोंबड्यांसाठी ओळखले जातात. गालिच्याच्या मधल्या हातभर जागेत टोकदार शेपट्यांचे ठेंगणे पक्षी दाटीवाटीने उभे असतात. कोंबडा पहाट आणतो, आणि रात्रीची भुतंखेतं पहाटेला पळतात, म्हणून तो शुभ.

तुर्कमेन गालिच्यांवर ‘गुल’ नावाची अष्टकोनी पदकं रांगेने येतात. ती टोळीची ओळख मानली जातात. तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर दांड्याच्या बाजूला जो लाल उभा पट्टा आहे, त्यात अशी पाच गुलं आहेत. तुर्कमेन गुलांमधलं ‘तौक नुस्का’ हे गुल जवळ जाऊन बघण्यासारखं आहे. अष्टकोनाचे चार भाग पाडलेले, आणि प्रत्येक भागात पुढे-मागे दोन्हीकडे डोकं असल्यासारखे बारीक प्राणी. नाव कोंबडीचं आहे. आकार कुत्र्याचा, घोड्याचा, पक्ष्याचा, कशाचाही म्हणा.

पक्ष्यांचं सगळ्यात देखणं काम ‘अस्मालिक’वर. हे पाच कोनांचं कापड जोडीने विणतात आणि नवरीला नेणाऱ्या उंटाच्या दोन्ही कुशींवर लटकवतात. वरात निघाली की सगळ्यांची नजर नवरीवर आणि तिच्या उंटावर, तेव्हा राखणही तिथेच हवी. असे पक्ष्यांचे अस्मालिक आज फार कमी उरले आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात.

पक्षी जुनेही आहेत. स्वीडनमधल्या मार्बीच्या चर्चमध्ये १९२५ साली एक फाटका गालिचा सापडला. अनातोलियात विणलेला, दोन अष्टकोन, प्रत्येकात झाडाच्या दोन बाजूंना एकेक पक्षी. तो सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा मानतात. सध्या तो स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे.

दृष्ट लागू नये म्हणून नेमकं काय विणतात?

इथे चिन्हांची रेलचेल आहे. डोळा: समभुज चौकोनात चौकोन, मधे ठिपका. वाईट नजरेला डोळ्यानेच उत्तर. हात, बोटं आणि फणी: पाच किंवा अधिक दातांची आकृती. ‘मुस्का’: त्रिकोण. प्रार्थना लिहिलेला कागद त्रिकोणी घडी घालून ताईत करतात, तोच आकार विणकामात उतरतो. ‘पित्राक’ हे माझ्या आवडीचं. शेतात कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळाची ही नक्षी आहे. त्या काट्यांना नजर अडते असं मानतात. शिवाय फांदी अशा फळांनी लगडलेली असते म्हणून समृद्धीचा अर्थही त्याला जोडून येतो.

विणलेल्या चिन्हांवरच भिस्त नसते. बलुची मिठाच्या पिशव्यांना आणि जनावरांच्या साजाला कवड्या शिवतात, निळे मणी लावतात, रंगीत गोंडे सोडतात. इराणात घरी इस्फंदच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर करतात. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात त्याचीच ही बहीण. हे सगळं एकाच घरात एकाच वेळी चालतं. त्यातला फक्त गालिचा उचलून भिंतीवर टांगला की त्याचं राखणदारीचं काम अर्धं तिथेच राहतं.

इस्लाममध्ये प्राण्यांची चित्रं चालत नाहीत ना? मग हे कसं?

नमाजाच्या गालिच्यावर प्राणी नसतात. तिथे कमान असते, झाड असतं, कधी कधी विणलेले दोन पंजे असतात. पण तंबूतली पिशवी, उंटाची झूल, मुलीच्या लग्नाचा गालिचा यांना ते बंधन या टोळ्यांनी कधी फार कडक लावून घेतलं नाही. शिवाय गाठींच्या चौकटीत प्राणी आपोआपच चौकोनी होतो, हुबेहूब राहत नाही.

ही परंपरा किती जुनी?

जगातला सर्वांत जुना जवळजवळ पूर्ण गालिचा सायबेरियातल्या अल्ताई डोंगरांत, पाझिरिक इथल्या थडग्यात सापडला. सर्गेई रुदेन्को यांनी तो १९४९ मध्ये बाहेर काढला. थडगं चोरांनी आधीच फोडलं होतं. त्या भगदाडातून पाणी आत शिरलं, गोठलं, आणि बर्फात लोकर टिकली. वय सुमारे २४०० वर्षं. त्याच्या एका पट्ट्यात चरणारी सांबरासारखी हरणं आणि दुसऱ्यात घोडे-घोडेस्वार रांगेने आहेत. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात तो बघता येतो. पण म्हणून आजच्या कश्काई बकरीपर्यंत सरळ रेघ ओढू नका. मधल्या शतकांचे तुकडे फार थोडे आहेत.

कमरेवर हात ठेवलेली बाई ही प्राचीन मातृदेवता आहे हे खरं का?

अनातोलियाच्या किलीमावरची ‘एली बेलिंदे’ ही आकृती. दुकानदार हमखास सांगतात की ती नऊ हजार वर्षांपूर्वीची मातृदेवता आहे. या गोष्टीचा उगम सांगण्यासारखा आहे. पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी १९६० च्या दशकात तुर्कस्तानात चातालह्योयुक या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं उत्खनन केलं, ते मोलाचं होतं. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी तिथल्या भित्तिचित्रांची म्हणून काही रेखाटनं पुढे आणली, ज्यांत किलीमाच्या नक्ष्या जशाच्या तशा होत्या. मूळ चित्रं मात्र कुणी पाहिली नव्हती. मेलार्ट २०१२ मध्ये गेले, आणि २०१८ मध्ये त्यांच्या लंडनच्या घरात बनावट चित्रांचे कच्चे आराखडे सापडल्याचं जाहीर झालं.

गोष्ट तरी चालूच आहे, कारण ती विकली जाते.

त्या आकृतीकडे विणकामाच्या अंगाने बघा. किलीममध्ये दोन रंगांची उभी सीमा आली की तिथे फट पडते, आणि फट लांब झाली की कापड कमजोर होतं. म्हणून बाई सीमा पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी नेते. त्यातून त्रिकोण आणि आकडे जन्मतात. दोन आकडे, एक त्रिकोण, वर एक ठिपका: झाली बाई. तिला बाई म्हणणं, मूल-बाळ आणि सुफलतेशी जोडणं हे गावातल्या बायकांनीही केलं आहे आणि ते खरं आहेच. नऊ हजार वर्षं तेवढी काढून टाका.

मग चिन्हांचे अर्थ सांगणारे तक्ते खोटे का?

खोटे नाहीत, पण फार नीटनेटके आहेत. ‘पक्षी म्हणजे आनंद, उंट म्हणजे संपत्ती, मोर म्हणजे अमरत्व’ असा तक्ता बहुधा विक्रीसाठी तयार होतो. विणणाऱ्या बाईला विचारलं तर ती पुष्कळदा चिन्हाचं नाव सांगते आणि पुढे म्हणते की आई असंच विणायची. कधी तीच आकृती शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्या नावाने चालते.

माझं मत विचाराल तर चिन्हाचा अर्थ नंतर, आधी ही वस्तू कुठे लागायची ते विचारा. तंबूच्या दाराला टांगायची ‘एन्सी’, उंटाच्या कुशीवरचा अस्मालिक, घोड्याची झूल, मिठाची पिशवी. दार, वरात, जनावर, अन्न: घराला जिथे धोका वाटतो तिथेच राखण दाट होते. मिठाच्या पिशवीचं तोंड बाटलीसारखं अरुंद ठेवलेलं असतं, जनावराने तोंड घालू नये म्हणून. त्या गळ्यावर विणलेली शिंगं आणि तो अरुंद गळा एकच काम करतात.

गालिच्यावरची कोयरी आपल्याकडचीच का?

नातं आहे. पैठणीच्या पदरावर दिसणारी कोयरी आणि इराणी ‘बोते’ एकाच घराण्यातल्या. बोतेला कुणी सुरूचं वाऱ्याने वाकलेलं झाड म्हणतं, कुणी ज्वाला, कुणी बदाम. काश्मिरी शालींवरून ती युरोपात गेली आणि स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावाने आपलं नाव तिला चिकटवलं. कश्काई आणि खमसे बायका कधी कधी मोठ्या बोतेच्या पोटात छोटी बोते विणतात, आणि त्याला आई-लेकरू म्हणतात.

देवच परिपूर्ण, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो असं ऐकलं आहे.

सांगायला छान आहे. आठवणीतून, हलत्या मुक्कामात, पोरं सांभाळत विणताना चुका करायला मुद्दाम प्रयत्न लागत नाहीत. रंग मध्येच फिका-गडद होतो त्याला ‘अब्राश’ म्हणतात. लोकर थोडी थोडी रंगवली जाते, मंजिष्ठाच्या लालाचा किंवा निळीचा दुसरा घाणा पहिल्यासारखा उतरत नाही, एवढंच त्याचं कारण.

रणगाडे आणि हेलिकॉप्टर असलेले गालिचे खरे असतात का?

असतात. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्यानंतर तिथल्या आणि निर्वासित छावण्यांतल्या गालिच्यांवर कलाश्निकोव्ह, रणगाडे, हेलिकॉप्टर दिसू लागले. सुरुवातीच्या काहींत तर फुलांच्या किंवा प्राण्यांच्या रांगेत हेलिकॉप्टर इतकं मिसळून गेलेलं असतं की दुसऱ्या नजरेत कळतं. पुढे परदेशी गिऱ्हाईक लागलं आणि ते ठोक भावाने निघू लागले. त्यांना शुभचिन्हांत धरू नये.

प्राण्याचं चित्र असलेल्या गालिच्यावर पाय ठेवावा का? वास्तुशास्त्राप्रमाणे कुठल्या दिशेला ठेवावा?

पायाचा संकोच वाटत असेल तर भिंतीवर लावा. आधी सांगितलेल्या कितीतरी वस्तू मुळात जमिनीसाठी नव्हत्याच. गब्बे मात्र पायाखालचाच आहे, सिंहासकट. त्यावर लोक झोपायचे, जेवायचे. दिशेचं म्हणाल तर विणणाऱ्यांचा तंबू दर महिन्या-दोन महिन्यांनी जागा बदलायचा. ऊन थेट पडणार नाही ती दिशा चांगली, कारण रंग उडतो.

हाताने विणलेला आहे हे घेताना कसं ओळखायचं?

उलटा करा. पुढची नक्षी मागे तितकीच स्पष्ट दिसली आणि गाठींच्या रांगा किंचित वेड्यावाकड्या असल्या तर हातचं काम. टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे लांबीभर ताणलेलेच, उरलेले धागे असायला हवेत. झालर वेगळी शिवलेली असेल तर बहुधा यंत्राचा माल. लवेतला एक केस काढून जाळा: लोकर जळलेल्या केसांसारखी वास मारते आणि राख चुरडते, प्लॅस्टिकच्या धाग्याची गोळी होते.

दुसरी गोष्ट, टोळीची नक्षी आणि टोळीचा गालिचा हे एक नव्हे. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडे गब्बेच्या आणि किलीमच्या नक्ष्या हाताने उत्तम विणतात आणि त्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त भदोहीचा म्हणून घ्या, शिराझचा म्हणून नको. रंगांबद्दल: रासायनिक रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच टोळ्यांपर्यंत पोचले होते, तेव्हा ‘जुना म्हणजे वनस्पतीचाच रंग’ हे गृहीत धरू नका. ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग लागला तर सोडून द्या.

अमेरिकेतल्या मुलाकडे इराणी गालिचा पाठवता येईल का?

इराणी मालावरच्या निर्बंधांत गालिचेही येतात. २०१६ मध्ये मिळालेली सूट २०१८ मध्ये काढून घेतली गेली. पार्सल करण्याआधी सध्याचा नियम तिथल्या सीमाशुल्क खात्याकडून कळून घ्या. तुर्की, अफगाण किंवा भारतीय गालिच्याला ही अडचण नाही, पण बिलावर कुठे विणला ते स्पष्ट लिहून घ्या.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू दमट हवा आणि कसर. पलंगाखाली किंवा कपाटामागे जो भाग अंधारात राहतो तिथेच कसर लागते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा गालिचा उचलून दोन्ही बाजू झाडा. गुंडाळून ठेवायचा असेल तर आधी ऊन दाखवा, थंड होऊ द्या, मग लव आत ठेवून सुती चादरीत गुंडाळा. घडी घालू नका. प्लॅस्टिकमध्ये बांधलात तर आत घाम धरून बुरशी येते. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून आत ठेवा, लोकरीला थेट लागू देऊ नका. चहा सांडला तर घासू नका, कोरड्या फडक्याने दाबून टिपा. आणि कवड्या किंवा मणी शिवलेली पिशवी असेल तर तिला झाडू किंवा व्हॅक्युम लावू नका. जुना दोरा पहिल्या फटक्यात तुटतो आणि कवड्या कपाटाखाली जातात.